कॉम्प्युटर सुरू होत नाही? आधी भिंत बघा



आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. तरी आपल्या घरांत कुठल्या तरी कोपऱ्यात एखादा टेबलावरचा जुना कॉम्प्युटर अजून असतोच. त्यावर क्रोशाचा रुमाल, बाजूला चष्मा आणि औषधाच्या गोळ्यांची डबी. त्याच्या पोटात काय काय असते! भारतातून आणलेल्या फोटोंच्या प्रती, नातवाच्या बार मित्झवाचे फोटो, मराठीत टाइप केलेली पत्रे, आईच्या हातच्या पदार्थांच्या कृती. आणि एके दिवशी बटण दाबावे तर काहीच नाही. ना दिवा, ना पंख्याची घरघर. मग घरात कोणीतरी म्हणते, "मेला वाटतं!" आणि दुसरे कोणीतरी म्हणते, "टाकून द्या, नवीन घेऊ."

आमचे सांगणे एवढेच, की इतक्या लवकर "मेला" म्हणू नका.

आम्ही म्हणजे नेगेवमधल्या एका गावातल्या ज्येष्ठांच्या मोआदोनमध्ये रोज जमणाऱ्या पाच जणी. त्यांतल्या तिघी निवृत्त परिचारिका. शाळा झाली ती मुंबईत आणि कोकणात, मराठीतून. नर्सिंगही तिकडेच शिकलो आणि मग आलिया करून इथे आलो. कॉम्प्युटर हाताळायला शिकलो ते पन्नाशी उलटल्यावर. तेव्हा आम्ही काही इंजिनियर नाही. पण आजारी माणसाला तपासायची एक रीत असते, ती आमच्या हाडात भिनली आहे. तीच रीत यंत्रालाही लागू पडते, हे आम्हाला २०२३ च्या मे महिन्यात कळले.

मोआदोनमध्ये २०१२ साली घेतलेला एक कॉम्प्युटर आहे. त्यात आमच्या समाजातल्या नऊ वयस्कर काकी-मावश्यांच्या आवाजातली गाणी आम्ही साठवली होती. हळदीची, मेंदीची, पाळण्याची, जात्यावरची. अगदी साधी गाणी, कुठल्या पुस्तकात न छापलेली. मध्येच एखादी ओळ विसरली की काकी हसायची, दुसरी तिला आठवण करून द्यायची, तेसुद्धा त्यात आहे. त्या नऊ जणींपैकी सहा जणी आता या जगात नाहीत. गाण्यांची एक प्रत सीडीवर होती, पण तिच्यावर चरे पडून अर्धी गाणी वाजेनाशी झाली होती. म्हणजे पुरी गाणी होती ती त्या एका पेटीतच.

शराव येऊन गेला होता. तीन दिवस धुळीचा गरम वारा. चौथ्या दिवशी बटण दाबले तर कॉम्प्युटर गप्प. एका दुकानात फोन केला. कोणत्या, ते सांगण्यात अर्थ नाही. पलीकडून विचारले, "किती वर्षांचा आहे?" आम्ही म्हटले, "अकरा." उत्तर आले, "मग फेकून द्या. दुरुस्तीचे पैसे वाया जातील."

न बघता! आमच्या धंद्यात वय विचारून फोनवर कोणाला मृत ठरवत नाहीत. आधी नाडी बघतात. आम्ही फोन ठेवला आणि एकमेकींकडे बघितले. एक म्हणाली, "चला, राउंड घेऊ या."

मुलांनो, आता नीट ऐका. पेशंटला सलाईन लावलेले असते, ते तुम्ही पाहिले असेल. थेंब पडायचे बंद झाले की नवशिकी नर्स घाबरून एकदम सुईलाच हात घालते. आमच्या मेट्रन शिकवायच्या, की वरून सुरुवात करा. बाटलीत पाणी आहे का? चिमटा उघडा आहे का? नळी कुठे मुडपली तर नाही? पेशंट नळीवर झोपला तर नाही? हे सगळे झाल्यावर शेवटी शीर. बहुतेक वेळा दोष वरच सापडायचा आणि बिचाऱ्या पेशंटला पुन्हा टोचावे लागायचे नाही. कॉम्प्युटरचेही तसेच. वीज भिंतीतून निघते, वायरीतून येते, पेटीत शिरते आणि मग आतल्या भागांत पोचते. तिच्या मागोमाग त्याच वाटेने चालायचे, उडी मारायची नाही.

म्हणून पहिली भिंत. टेबलावरचा दिवा आणला आणि त्याच प्लगमध्ये लावला. दिवाही लागेना! म्हणजे दोष निदान तिथून सुरू होत होता. वाकून बघितले तर भिंत आणि एक्स्टेंशन बोर्ड यांच्यामध्ये शब्बाथचे घड्याळ अडकवलेले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शब्बाथला दिव्याच्या बटणाला हात लावायचा नसतो, म्हणून हे घड्याळ ठरल्या वेळी आपोआप वीज चालू-बंद करते. गोल चकतीच्या कडेला बारीक खुंट्या असतात. कोणीतरी त्या खुंट्या अशा दाबून ठेवल्या होत्या की दिवसभर वीज बंदच. घड्याळ काढले, दिवा भिंतीत लावला, लखकन लागला. सगळ्या जणी आनंदल्या. कॉम्प्युटर लावला, बटण दाबले. पण छे! तो तसाच गप्प.

इथे पुष्कळजण निराश होतात. वॉर्डमध्ये आम्ही शिकलो होतो, की एक दोष सापडला म्हणून दुसरा नसतोच असे नाही. चिमटाही बंद असू शकतो आणि नळीही मुडपलेली असू शकते. राउंड पुढे चालू ठेवायची.

भिंतीत वीजच नसेल तर घरातला विजेचा बोर्ड उघडून बघा. इथल्या घरांत बहुधा एक मोठा खटका असतो, त्याला ममसर पाखात म्हणतात. ३० मिलिअँपिअरएवढी वीज जरी भलत्या वाटेने जाऊ लागली तरी तो खाली पडतो आणि माणसाचा जीव वाचवतो. तो एकदा वर करून बघावा. पण कॉम्प्युटर लावला की तो पुन्हा पडत असेल, तर तिथेच थांबा. तो पुन्हा पुन्हा वर करू नका. वायर काढा आणि हशमलायला बोलवा.

दुसरे, एक्स्टेंशन बोर्ड आणि वायर. बोर्डाला स्वतःचा खटका असतो. झाडताना केरसुणी लागून तो बंद होतो. कॉम्प्युटरची वायर मागच्या बाजूला नुसती खुपसलेली असते, ती ढिली होते. काढून पुन्हा घट्ट बसवावी. एक युक्ती सांगतो, आम्हाला फार आवडली. पुष्कळ पडद्यांची, म्हणजे मॉनिटरची, वायर आणि कॉम्प्युटरची वायर एकाच जातीची असते. तुमच्याकडे तशी असेल तर दोन्हींची अदलाबदल करा. पडदा लागत होता तो लागेनासा झाला, तर वायर खराब. पैसा न खर्चता परीक्षा झाली. आम्ही केली. वायर चांगली निघाली.

तिसरे, मागचा खटका. बहुतेक कॉम्प्युटरांच्या मागे, वायर जिथे शिरते तिथे, एक छोटा खटका असतो. एका बाजूला उभी रेघ, दुसऱ्या बाजूला गोल शून्य. रेघ म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. टेबल सरकवताना तो सहज दाबला जातो. काही जुन्या यंत्रांना तिथेच एक लाल खटकाही असतो, त्यावर ११५ आणि २३० असे आकडे. आपल्याकडे इस्रायलमध्ये २३० व्होल्टची वीज, भारतातही तेवढीच. अमेरिकेत १२० ची. तेव्हा अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेला जुना कॉम्प्युटर इथे लावण्याआधी तो लाल खटका २३० वर आहे ना ते बघा. ११५ वर ठेवून लावलात तर आतली पेटी फट्कन उडेल.

आता मुलांसाठी एक कोडे. दिव्याचे बटण दाबले की वीज सरळ दिव्याकडे जाते. कॉम्प्युटरच्या पुढच्या बटणाने तसे होते का? नाही! १९९५ मध्ये एटीएक्स नावाची रचना आली. तेव्हापासून हे बटण नुसता निरोप देते. वायर लावलेली असली आणि मागचा खटका चालू असला, की कॉम्प्युटर बंद दिसत असतानाही आत ५ व्होल्टची थोडीशी वीज जागी असते, रात्रपाळीच्या नर्ससारखी. तुम्ही बटण दाबता, निरोप मुख्य पाटीला म्हणजे मदरबोर्डला जातो, मदरबोर्ड पॉवर सप्लायला सांगतो, "उठ", आणि मग सगळे जागे होतात. रात्रपाळीची नर्सच झोपली तर निरोप घेणार कोण?

कधी कधी विजेचा झटका बसून ही पेटी स्वतःच्या रक्षणासाठी दार लावून घेते. म्हणून चौथा उपाय असा: भिंतीतली वायर काढायची. प्रिंटर, कॅमेरा, कीबोर्ड, सगळ्या वायरी काढायच्या. पुढचे बटण वीस सेकंद दाबून धरायचे म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. पाच-दहा मिनिटे थांबायचे. मग फक्त विजेची वायर लावून बघायचे. कितीतरी कॉम्प्युटर एवढ्यावरच उठून बसतात. उठला तर बाकीच्या वायरी एकेक करून लावा. ज्या वायरीने पुन्हा बंद पडेल तिथे दोष.

आमचा तरीही उठला नाही. पण प्रत्येक गोष्ट आम्ही वहीत लिहीत होतो. किती वाजता काय केले, काय दिसले. वॉर्डचा चार्टच म्हणा ना. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

जाता जाता एक फरक सांगतो. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा, हा आजार वेगळा. तो कॉम्प्युटर जिवंत आहे, फक्त बोलत नाही. पडद्याची वीज आणि दोघांमधली वायर बघा. आत स्मरणाची लांब पट्टी असते, तिला रॅम म्हणतात. ती जागची हलली तरी असे होते. वायर काढून, ती पट्टी बाहेर घेऊन, सोनेरी दात खोडरबराने हलके पुसून, पुन्हा कट् असा आवाज येईपर्यंत बसवली की बरेचदा काम होते. सुरू होताना बीप-बीप आवाज आले तर मोजून लिहून ठेवा. दुरुस्ती करणाऱ्याला त्यावरून रोग कळतो.

पाचवे, पेटीचे झाकण. हे मोठ्यांनीच करावे आणि वायर भिंतीतून काढल्यावरच. आत हात घालण्याआधी पेटीच्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. आम्ही झाकण काढले आणि आतमध्ये अर्धे नेगेव निघाले! अंगणात नेऊन मऊ ब्रशने धूळ काढली. तोंडाने फुंकू नये, थुंकी उडते. मग झाकण न लावताच, आत हात न घालता, वायर लावून नुसते बघितले. पुष्कळ मदरबोर्डांवर एक बारीक दिवा असतो, वीज पोचली की लागतो. आमच्या कॉम्प्युटरचा दिवा पूर्वी कॅबिनेटच्या फटीतून दिसायचा, हे आमच्यातल्या एकीच्या लक्षात होते. आता तिथे अंधार. रात्रपाळीची नर्स उठतच नव्हती. म्हणजे दोष त्या आधीच, पॉवर सप्लायच्या पेटीत.

मदरबोर्डवर नाण्यासारखी एक चपटी बॅटरीही दिसते, तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. ती संपली तर सहसा तारीख-वेळ चुकते. त्यामुळे कॉम्प्युटर अगदीच न उठणे क्वचित. पण इथे आम्ही परिचारिका म्हणून दोन शब्द बोलणारच. ही बॅटरी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. २० मिलिमीटरची ही चकती गिळली तर अन्ननलिकेत अडकते आणि दोन तासांच्या आत आत भाजून जखम होऊ शकते. मूल रडत नसले तरी वाट बघू नका. ओकारी काढू नका. लगेच १०१ ला फोन करा आणि हॉस्पिटल गाठा. जुन्या बॅटरीतही एवढा जोर असतो, म्हणून काढलेली बॅटरी चिकटपट्टीत गुंडाळून उंच जागी ठेवा. मुलांनो, तुम्ही तुमच्या धाकट्या भावंडांवर लक्ष ठेवा.

सहावे, पॉवर सप्लाय. ही पत्र्याची चौकोनी पेटी भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेते आणि आतल्या नाजूक भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देते. हिचे स्क्रू मात्र कधीही उघडू नका. आत कपॅसिटर म्हणजे विजेच्या टाक्या असतात. वायर काढल्यावरही त्यांत काही वेळ ३०० व्होल्टपेक्षा जास्त वीज राहू शकते. ही पेटी सबंधच बदलायची असते.

संध्याकाळी आमच्यातल्या एकीचा नातू आला. कॉम्प्युटर जोडणे-उघडणे हा त्याचा छंद. आमची वही वाचून म्हणाला, "सावता, तुम्ही तर सगळं शोधून ठेवलंय. मला फक्त बदलायचंय." त्याने स्वतःच्या जुन्या कॉम्प्युटरची चालू पेटी आणली होती. भिंतीची वायर काढून त्याने आमच्या पेटीच्या जोडण्या सोडवल्या आणि त्या जागी आपल्या पेटीच्या लावल्या. मोठी २४ दातांची, दुसरी प्रोसेसरची आणि डिस्कची. त्याने आम्हाला बजावले, की एका पेटीच्या सुट्या वायरी दुसऱ्या पेटीला कधी लावायच्या नाहीत, दिसायला सारख्या असल्या तरी आतली जुळणी वेगळी असते. काही कंपन्यांच्या कॉम्प्युटरांना त्यांच्याच मापाची पेटी लागते, तेव्हा नवीन घेण्याआधी जुनी दुकानात दाखवावी.

वायर लावली. मदरबोर्डवर हिरवा दिवा लागला. बटण दाबले आणि पंखा घुर्रर्र करून फिरला.

जुनी पेटी का गेली? उष्णता आणि धूळ. त्या विजेच्या टाक्यांत ओलसर रसायन असते, ते वर्षानुवर्षे गरम होऊन सुकत जाते. साधारण १० अंश उष्णता वाढली की त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते, असा कारागिरांचा हिशोब आहे. मागच्या जाळीत धूळ बसली, पंखा गुदमरला, वरून शराव. माणसालाही अशा दिवसांत सावली आणि पाणी लागते. कॉम्प्युटरला भिंतीपासून वीतभर जागा आणि महिन्यातून एकदा ब्रश. बस्स. नवीन पेटी आम्ही वर्गणी काढून घेतली, दोनशे शेकेलच्या आत आली.

एक गोष्ट मात्र त्या मुलाने सांगितली ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी. फोटो, पत्रे, गाणी ही सगळी डिस्कमध्ये असतात, पॉवर सप्लायमध्ये नाही. कॉम्प्युटर उठला नसता तरी डिस्क काढून, एका छोट्या वायरीने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून बहुधा सगळे वाचवता आले असते. तेव्हा कोणी कितीही म्हणो "फेकून द्या", डिस्क काढून घेतल्याशिवाय पेटी घराबाहेर जाऊ देऊ नका. माणूस गेल्यावरसुद्धा आपण त्याच्या उशाखाली बघतो, कपाट उघडतो. न बघता काही टाकत नाही.

त्या रात्री आम्ही घरी जायची घाई केली नाही. पहिले गाणे लावले. पाळणा होता. मधली ओळ विसरून काकी हसली, आणि शेजारच्या मावशीने ती पुरी केली. दोघीही आता नाहीत. खोलीत कोणी बोलले नाही. नातवाला मराठी फारसे येत नाही, तोही खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "पुन्हा लावा."

दुसऱ्या दिवशीच सगळ्या गाण्यांच्या प्रती झाल्या. नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी. आमची एक कॉम्प्युटरात, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक अश्दोदला एका बहिणीकडे पेन ड्राइव्हवर आहे. सहा महिन्यांनी प्रत्येक प्रत लावून बघतो, वाजते की नाही ते.

ज्येष्ठांसाठी मोठ्या अक्षरांत हे लिहून भिंतीवर लावावे:

१. त्याच प्लगमध्ये दिवा लावून बघा. शब्बाथचे घड्याळ, एक्स्टेंशन बोर्ड, घरातला मोठा खटका.
२. वायर दोन्ही टोकांना घट्ट बसवा. जमल्यास पडद्याच्या वायरीशी अदलाबदल.
३. मागचा खटका रेघेवर आहे ना?
४. सगळ्या वायरी काढून बटण वीस सेकंद दाबा, दहा मिनिटे थांबा, पुन्हा बघा.
५. जळका वास, धूर किंवा ठिणगी असेल तर वायर काढा, पुन्हा लावू नका.
६. काय केले ते वेळेसकट लिहा आणि मग जाणकाराला बोलवा.
७. टाकण्याआधी डिस्क काढून घ्या.

बालमित्रांनो, तुमच्या साबा-सावतांचा कॉम्प्युटर बंद पडला तर "हे जुनं झालं" म्हणून निघून जाऊ नका. शेजारी बसा, वही हातात घ्या, एकेक पायरी त्यांना वाचून दाखवा. आणि तो सुरू झाला की त्यांना विचारा, "यात काय आहे, मला दाखव ना." त्यांना तेवढेच हवे असते.

आणि ज्यांच्या घरी अजून कोणाच्या आवाजातले गाणे, गोष्ट, दुआ साठवलेली नाही, त्यांनी या आठवड्यातच साठवावी. मोबाइलवर चालेल. मग त्याच्या तीन प्रती करा. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय शुकच्या बाजूच्या दुकानात मिळतो, काकींचा आवाज मिळत नाही.